१७ सप्टेंबरला गावात सिनेमाचे तुकडे दाखवून 'आपला देश' यावर गप्पा कशा घडवायच्या

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्याकडं काय होतं ते सगळ्यांना तोंडपाठ आहे, सकाळी झेंडा, स्मारकाला हार, दोन भाषणं, पोरांच्या हातात बिस्किटचा पुडा आणि दहाच्या आत सगळं खलास. संध्याकाळी कुणाच्या ध्यानात पण नसतं की आज मराठवाडा मुक्तिदिन होता. त्या रिकाम्या संध्याकाळी काय करता येईल ते सांगायलोय. मंडळ असो, वाचनालय असो, झेडपीची शाळा असो, नाहीतर नुसतं चार जणांचं टोळकं, कुणालाही जमेल असं आहे, खर्च पण फार नाही.

करायचं एवढंच की सिनेमा, जुने वृत्तपट, टीव्ही, बातम्या यांचे छोटे तुकडे दाखवायचे आणि मधे थांबवून लोकांना बोलतं करायचं. विषय एकच धरा: आपल्या डोक्यात 'देश' म्हणून जे चित्र आहे ते शाळेच्या पुस्तकानं कमी आणि पडद्यानं जास्त बनवलंय, आणि त्या चित्रात आपण कुठं आहोत? विषय जड वाटतो पण तसा नाहीये, लोकांना याच्यावर बोलायला लई असतं, फक्त कुणी विचारत नाही.

आधी परवानगीचं बघा कारण लोक इथंच फसतात. तुमच्याकडं ओटीटीचं सबस्क्रिप्शन आहे म्हणजे तुम्ही तो सिनेमा घरात बघू शकता, चौकात पडदा लावून दाखवू शकत नाही, तिकीट लावलं नाही तरी नाही. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रकाशित झालेल्या वर्षानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे १९५७ चा सिनेमा आता मोकळा झालाय, पण त्यातल्या गाण्यांचे शब्द आणि संगीत यांचा हक्क वेगळा असतो, तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून जुन्या सिनेमातला पण गाण्याचा तुकडा घेताना विचारपूस करून घ्या. सगळ्यात सोपा रस्ता शाळेचा. शाळा-कॉलेजच्या कामकाजाचा भाग म्हणून सिनेमा दाखवला आणि बघणारे फक्त विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी आणि पालक असतील तर कायद्यात सूट आहे. (आता गावात पालक नाही असं घर सापडायला वेळ लागेल, ते तुमचं तुम्ही बघा.) मुख्याध्यापकांना आठ-दहा दिवस आधी लेखी द्या, तोंडी सांगितलेलं ऐनवेळी कुणाला आठवत नाही. शाळेत करायचं म्हटल्यावर तुकडे पण सगळ्या वयाला चालतील असेच निवडा.

मैदानात, उघड्यावर करायचं असलं तर ग्रामपंचायत आणि पोलीस स्टेशनला अर्ज, आणि रात्री १० नंतर स्पीकर बंद, हा नियम सगळ्या देशाला आहे. जुने वृत्तपट हवे असतील तर फिल्म्स डिव्हिजन या सरकारी वृत्तपट काढणाऱ्या संस्थेचं बरंच काही युट्युबवर बघायला मिळतं, ती संस्था २०२२ मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाली, जाहीर दाखवायचं तर तिकडं मेल टाकून विचारा.

सामान फार लागत नाही. प्रोजेक्टर शाळेत असतो, नसला तर भाड्यानं मिळतो, पण गणपतीचे दिवस जवळ असले तर साऊंडवाला आणि प्रोजेक्टरवाला दोघं हाताला लागत नाहीत, आधीच बोलून ठेवा. पडदा म्हणून पांढरी चादर चालते, नाहीतर जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू, सुरकुत्या मात्र ताणून घ्या. लाईट जाणार आहे हे धरूनच चला, इन्व्हर्टर नाहीतर जनरेटर ठेवा. सगळे तुकडे पेन ड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडं, इंटरनेटवर विसंबू नका. पाऊस येऊ शकतो म्हणून एखादी मोठी खोली हाताशी असू द्या. बास, टेक्निकल एवढंच.

एक महत्त्वाचं, अख्खा सिनेमा लावायचा नाही. अख्खा लावला की लोक गोष्टीत शिरतात, मग संपल्यावर उठून चप्पल शोधायला लागतात. तीन ते पाच मिनिटांचे सहा-सात तुकडे, सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास, आणि प्रत्येकानंतर तेवढाच किंवा जास्त वेळ बोलायला.

पहिला तुकडा असा घ्या ज्यात १५ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्र आहे. कुठलाही चालेल, हिंदी सिनेमात असले प्रसंग ढिगानं आहेत, नेहरूंचं भाषण, लाल किल्ला, फटाके, रेडिओभोवती बसलेलं घर. तो दाखवा, थांबवा आणि सरळ विचारा, त्या रात्री आपल्या गावात काय चालू होतं?

पहिल्यांदा सगळे गप्प बसतात, बसू द्या. मग कुणीतरी म्हणतं अहो तेव्हा आपण निजामात होतो की. बरोबर. त्या रात्री आपल्याकडं स्वातंत्र्य नव्हतं, तिरंगा लावला म्हणून माणसं तुरुंगात जात होती, स्वामी रामानंद तीर्थांना पण त्याच सुमारास अटक झाली. रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या हत्यारबंद संघटनेचा, म्होरक्या कासिम रझवी, तो तर आपल्या लातुरात वकिली करणारा. सरहद्दीपलीकडं कॅम्प लावून पोरं लढत होती आणि शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला फौज आली, १७ ला निजाम शरण आला. म्हणजे तेरा महिने उशिरा. आणि तरी पडद्यावर बघताना आपण पण त्या मध्यरात्रीच्या फटाक्यांत सामील होतो, छाती भरून येते, कुणाला खटकत नाही की ही आपली रात्रच नव्हती. इथं घाई करू नका, अर्धा तास गेला तरी जाऊ द्या, सगळ्या कार्यक्रमाचं सार इथंच आहे. म्हाताऱ्या माणसांना 'मोगलाई' म्हणून विचारा, 'हैदराबाद संस्थान' म्हणून नका विचारू, पुस्तकी शब्द ऐकला की ते पुस्तकीच उत्तर देतात. ज्यांना स्वतःला आठवतं असे आता फार थोडे उरलेत, पण आईबापाकडून ऐकलेलं सांगणारे साठी-सत्तरीचे काका-मावशी प्रत्येक गल्लीत आहेत.

दुसऱ्या तुकड्याला एक युक्ती करा. झेंडा, सैनिक, शेत, आई असलं काहीतरी असलेला प्रसंग घ्या आणि तो आधी आवाज बंद करून दाखवा. मग तोच परत आवाजासकट. फरक पोरं आपोआप सांगतात, कुठं संगीत चढलं, कुठं कॅमेरा खालून वर गेला, कुठं चेहरा मोठा करून दाखवला आणि कुठं आपल्या अंगावर काटा आला. काटा येणं वाईट आहे असं कुणाला सांगायचं नाही, तो कसा आणला जातो एवढं दिसलं पाहिजे. हे एकदा दिसलं की ते पोरगं पुढच्या वेळी स्टेटसवरचा रील बघताना पण पाठीमागचं संगीत ऐकतंच. माझ्या मते सगळ्या कार्यक्रमात पोरांच्या कामाची गोष्ट हीच, बाकीचं मोठ्यांसाठी.

मग जुनं थोडक्यात सांगून टाका. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ ला पहिला सिनेमा काढला तेव्हा त्यांच्या डोक्यात हेच होतं की पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र दिसतं तर आपले देव, आपली माणसं का दिसू नयेत, म्हणजे आपल्याकडं सिनेमा जन्मापासूनच स्वदेशीच्या झेंड्याखाली. १९४३ च्या किस्मत सिनेमात एक गाणं आलं, परक्यांनो चालते व्हा अशा अर्थाचं, त्यात नाव जर्मन आणि जपान्यांचं घेतलेलं कारण महायुद्ध चालू होतं आणि इंग्रजाचं सेन्सॉर बसलेलं, पण थेटरातल्या लोकांनी ते इंग्रजालाच लावून घेतलं. हा किस्सा जरूर सांगा. लोकांना वाटतं पडद्यावरचं जसंच्या तसं डोक्यात उतरतं, तसं काही नसतं, बघणारा पण आपलं डोकं लावत असतो.

फिल्म्स डिव्हिजन १९४८ ची, म्हणजे आपण सुटलो त्याच साली ती सुरू झाली. सिनेमाच्या आधी सरकारी वृत्तपट दाखवणं थेटरवाल्यांना बंधनकारक होतं, कित्येक वर्षं. चाळीशीच्या पुढच्यांना तो आवाज अजून आठवतो, धरण, कारखाना, हात हलवणारे मंत्री. एखादा धरणावरचा वृत्तपट मिळाला तर लावा आणि त्याला जायकवाडी जोडा. पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून, उद्घाटन १९७६ ला इंदिरा गांधींच्या हातून. मग विचारा पाणी कुणाच्या शेतात गेलं आणि गाव कुणाचं उठलं. पैठणच्या बाजूला हा कार्यक्रम करणार असाल तर तयारीनंच बसा, लोक रात्रभर उठणार नाहीत.

मदर इंडिया (१९५७) मधला सुरुवातीचा भाग याच्याच शेजारी मस्त बसतो. म्हातारी राधा, गावात कालवा आलाय आणि उद्घाटन तिच्या हातून करायचंय. तिथून मागं जाऊन सगळी गोष्ट, सावकार, पूर, नांगर ओढणारी बाई. शेतकरी बाई म्हणजेच देश हे चित्र त्या सिनेमानं असं ठोकून बसवलं की पुढं कित्येकांनी तेच वापरलं. सावकाराचा प्रसंग लावला तर आपल्याकडच्या बायांना काही समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर विचारा, दगडाबाई शेळके कोण होत्या? जालन्याकडच्या, निजामाविरुद्धच्या लढ्यात हत्यार घेऊन उतरलेल्या. किती हात वर होतात ते बघा. मग पोरांनाच विचारा, पडद्यावरची आई सगळ्यांना माहिती आणि ही बाई माहिती नाही, कामून?

बायांना बोलतं करायचं असेल तर माईक ठेवूच नका. माईक आला की सरपंच बोलतात, मग माजी सरपंच बोलतात आणि कार्यक्रम संपतो. गोलात बसवा, बचत गटाच्या दोघी-तिघींना आधीच सांगून ठेवा की तुम्ही सुरुवात करायची. त्यांच्यासाठी सगळ्यात चालणारा विषय म्हणजे रविवारचं रामायण, जानेवारी १९८७ ते जुलै १९८८. गावात एकच टीव्ही, ज्याच्या घरी तो असेल त्याच्या अंगणात अख्खी आळी, टीव्हीला हार, उदबत्ती, रस्ते सुनसान. दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत टीव्ही १९८२ ला आला आणि पाच-सहा वर्षांत अशी वेळ आली की एकाच तासाला दिल्लीपासून आपल्या तांड्यापर्यंत सगळे एकच गोष्ट बघायलेत, एकाच हिंदीत. आधी असं कधी झालंच नव्हतं. गावोगावची रामाची गोष्ट वेगवेगळी होती, भजनातली वेगळी, जात्यावरच्या ओव्यांतली वेगळी, त्यातली सीता तर लईच वेगळी. आजीला विचारा की टीव्हीवरची सीता आणि तुमच्या ओवीतली सीता सारखीच का? एखादी आजी ओवी म्हणून दाखवेल, तेव्हा बाकी सगळं बाजूला ठेवा आणि ऐका.

त्याच वेळी हे पण विचारा की तेव्हा टीव्हीसमोर कोण बसायचं आणि कोण दारात उभं राहायचं. हा प्रश्न जरा चटका देतो पण विचारल्याशिवाय राहू नका, सगळा देश एकत्र बघत होता म्हणताना एकत्र म्हणजे कोण, हे आपल्याच अंगणात कळतं.

आता भाषेचं. मराठी सिनेमात 'काय करायलास', 'कुठं चाललाव' असं बोलणारा माणूस आला की लोक आधीच हसायला लागतात, त्यानं अजून काही विनोद केलेला नसतो. हिरो पुण्याचं बोलतो, प्रेम पुण्याच्या मराठीत होतं, मराठवाड्याची बोली ड्रायव्हरला, गड्याला, फार तर गावच्या पुढाऱ्याला. आपल्याच मकरंद अनासपुरेंनी ही बोली हिरोच्या तोंडी आणली हे खरं, पण तिथं पण बऱ्याचदा हसवण्यासाठीच. हिंदीत बघा, आपल्याकडच्या मुसलमान घरांत, बाजारात जी दखनी बोलतात, हौ, नक्को वाली, ती मेहमूदनं कॉमेडीसाठी वापरली आणि तिथंच ती अडकली. आणि हिंदी सिनेमातली मराठी माणसं म्हणजे एक तर कामवाली बाई नाहीतर हवालदार. पोरांना एक काम द्या, महिनाभर जे काही बघाल त्यात आपल्यासारखं बोलणारं माणूस कोण आहे आणि काय काम करतंय ते मोबाईलमधे लिहून ठेवा. भाषण देण्यापेक्षा या यादीनं जास्त डोळे उघडतात.

बातम्यांचा तुकडा एखादाच ठेवा. दिल्ली-मुंबईच्या चॅनलवर मराठवाडा कधी दिसतो? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा. एप्रिल २०१६ ला मिरजहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा. भेगा पडलेली जमीन, रिकामी घागर, डोक्याला हात लावलेला म्हातारा. ते खोटं होतं असं नाही, पाणी नव्हतंच, पण वर्षाचे बाकीचे दिवस आपण त्या चित्रात नसतो. लोकांना विचारा की तुम्हाला कॅमेरा दिला तर देशाला काय दाखवाल. उत्तरं भन्नाट येतात, कुणी माळेगावची यात्रा म्हणेल, कुणी औंढ्याचं देऊळ, कुणी नुसतं आमचं सोयाबीन म्हणेल, आणि एखादा हमखास म्हणतो आमचा रस्ता दाखवा.

आता अवघड भाग. रझाकारांचा विषय निघाला की वातावरण तापू शकतं, त्यात २०२४ ला रझाकारांवर तेलुगूत मोठा सिनेमा पण येऊन गेला. गावात दोन्ही समाज आहेत, समोरासमोर बसलेत, म्हणून हा विषय टाळावा असं काही जण म्हणतील. मी म्हणतो टाळू नका, पण तयारी करून बसा. दोन गोष्टी हाताशी ठेवा. एक, शोएबुल्ला खान. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू पेपरचे तरुण संपादक, संस्थान भारतात विलीन व्हावं असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना ठार मारलं. म्हणजे रझाकार एका बाजूला आणि एक मुसलमान पत्रकार भारताच्या बाजूला, हे सिनेमाच्या सोप्या हिशोबात बसत नाही. दोन, सुंदरलाल समितीचा अहवाल. पोलीस अॅक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ ला फौज आली त्यानंतर, मुसलमानांवर जे अत्याचार झाले ते बघायला नेहरूंनी ही समिती पाठवली होती, तिनं सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे सांगितले त्यात उस्मानाबाद आणि नांदेड आहेत, आणि मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा दिला. तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवलेला होता.

या दोन्ही गोष्टी त्याच बैठकीत सांगा, एक सांगून दुसरी गिळू नका. रझाकारांनी जे केलं ते पण पूर्ण सांगा, गावं जाळली, माणसं मारली, त्यात हात आखडता घेण्याचं काही कारण नाही. आणि मग सिनेमाच्या प्रश्नावर या: पडद्यावर शत्रू कसा ओळखू येतो? टोपीवरून, दाढीवरून, डोळ्यातल्या सुरम्यावरून, का त्यानं काय केलं त्यावरून? प्रश्न पडद्यावरच्या गोष्टीचा ठेवा, समोर बसलेल्या माणसाचा करू नका. कुणी आवाज चढवला तर वाद घालायच्या भानगडीत पडायचं नाही, म्हणायचं दादा तुमच्या घरात काय ऐकलंय ते सांगा. घरातली गोष्ट सांगायला लागलं की माणूस खाली येतं, घोषणा बंद होतात. तरी पण फारच पेटलं तर चहा आणा. चहाची वेळ या भागासाठीच राखून ठेवायची, आधी देऊन टाकायचा नाही.

राष्ट्रगीताचा पण एक घोळ होतो. २०१६ ला सुप्रीम कोर्टानं थेटरात सिनेमाआधी राष्ट्रगीत सक्तीचं केलं होतं, ९ जानेवारी २०१८ ला तेच ऐच्छिक केलं. तुमच्या कार्यक्रमात सुरुवातीला म्हणायचं असेल तर सगळ्यांनी मिळून तोंडानं म्हणा आणि उभं राहा, छान वाटतं. पण वृत्तपटात किंवा सिनेमात मधेच राष्ट्रगीत वाजलं तर प्रेक्षकांनी उठणं अपेक्षित नसतं, वृत्तपटाबद्दल तर गृह मंत्रालयाच्या सूचनेतच तसं आहे. हे आधी सांगून टाका, नाहीतर अंधारात अर्धे उभे, अर्धे बसलेले आणि तू का उठला नाहीस यावरून भांडण. याच्यावर पण दोन मिनिटं बोलता येतं की थेटरात उभं राहणं आणि शाळेत उभं राहणं यात काय फरक वाटतो, पण वेळ असेल तरच.

प्रश्न विचारायची एक साधी रीत लक्षात ठेवा. 'सिनेमा कसा वाटला' असं विचारू नका, उत्तर येतं 'भारी' आणि विषय मिटतो. कोण बोललं, कोण गप्प होतं, कोण दिसलंच नाही, गाणं कधी सुरू झालं, असं डोळ्याला आणि कानाला विचारा. आणि स्वतः कमी बोला. आयोजकाला सगळं माहिती असतं म्हणून तोच बोलत सुटतो, असल्या बैठका त्यानंच मरतात.

शेवटी रेकॉर्डिंग. मोगलाईच्या, पोलीस अॅक्शनच्या, पहिल्या टीव्हीच्या ज्या आठवणी निघतील त्या मोबाईलवर नुसता आवाज म्हणून घ्या, व्हिडिओ लावला की माणसं ताठ होतात. आधी विचारा, बोलणाऱ्याचं नाव टाकायचं का नाही ते त्यालाच ठरवू द्या, आणि तो नाही म्हणाला तर ते रेकॉर्डिंग गावाच्या ग्रुपवर टाकायचं नाही म्हणजे नाही. फाइलला गावाचं नाव आणि तारीख द्या, 'न्यू रेकॉर्डिंग ४७' असं ठेवलं तर वर्षभरानं तुम्हालाच सापडणार नाही. एक कॉपी शाळेच्या कॉम्प्युटरवर, एक वाचनालयात पेन ड्राइव्हवर. आणि पुढच्या वर्षी तुकडे निवडायला बसाल तेव्हा पहिला तुकडा यातलाच लावा, पडदा काळा ठेवून.